सासूबाईंचे राणीछाप रुपये: घासू नका, चिकटवू नका

चोपडा तालुक्यातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

«सासूबाई गेल्यावर त्यांच्या पेटीतून पितळी डबा निघाला. लाल फडक्यात बांधलेले चांदीचे सत्तरेक रुपये, शिवाय काही अधेल्या (अर्धा रुपया), पावल्या (चार आणे), चवल्या (दोन आणे). काही नाणी अगदी काळी झाली आहेत. सासऱ्यांनी काही प्लास्टिकच्या अल्बममध्ये घातली होती, त्यांच्यावर हिरवट चिकट थर आलाय. आठ-दहा रुपयांना कडी जोडलेली आहे. सुनेनं दोन रुपये टूथपेस्टनं घासले, लखलखीत झाले. मोठा मुलगा दिवाणखान्यात सागवानी शोकेस करून घेतोय, आत मखमल आणि दिवे. फ्रेमवाला म्हणतो, नाणी गमनं चिकटवून देतो. दीर म्हणतात, मोडून ताट करा. धाकटा अमेरिकेत असतो, त्याला दहा-बारा नाणी हवी आहेत. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात सासूबाई हेच रुपये पंचामृतानं धुऊन मांडायच्या, आता मी मांडते. त्या म्हणायच्या, ‘हाई लक्ष्मी शे, जपी ठेवजो.’ जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं?»

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी एक विनंती. हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत एकाही नाण्याला टूथपेस्ट, चिंच, लिंबू, रिठा, राख किंवा भांड्यांची पावडर लागू देऊ नका. सुनेला रागावू नका. घरातली चांदी काळी पडली की घासायची, हे आपण सगळे लहानपणापासून बघत आलो आहोत. समई, ताम्हण, अत्तरदाणी यांना ते चालतं. नाण्याला चालत नाही, आणि का चालत नाही हे एकदा घरातल्या सगळ्यांना समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

तो काळा रंग मळ नाही. हवेत गंधकाची संयुगं अगदी थोड्या प्रमाणात असतात. त्यांची चांदीशी क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. थर अगदी पातळ असतो तेव्हा नाणं पिवळसर दिसतं. जाड होत गेला की सोनेरी-तपकिरी, मग जांभळा-निळा आणि शेवटी काळा. हा थर नाण्याच्या स्वतःच्या चांदीपासून झालेला असतो. तो घासून काढला की वरची चांदी त्याच्याबरोबर जाते, आणि ती सर्वांत आधी जाते उंच भागावरून: राणीचा गाल, केसांच्या बटा, मुकुटाचे मणी. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खरखरीत भुकटी असते. तिचे सूक्ष्म ओरखडे भिंगाखाली सगळीकडे दिसतात. लखलखीत रुपया घरच्यांना नवा वाटतो, जाणकाराला तो पहिल्या नजरेत घासलेला कळतो आणि तो त्याची किंमत त्याच क्षणी खाली आणतो. आणि किंमत बाजूला ठेवली तरी, दीडशे वर्षांत जमलेला रंग दोन मिनिटांत गेला की परत आणता येत नाही.

अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि सोडा हा उपाय मोबाइलवर फार फिरतो. त्यानं काळेपणा जातो हे खरं. पण खाली उरतो तो निस्तेज, पांढुरका, ठिकठिकाणी वेगळा दिसणारा पृष्ठभाग. सराफाकडे बुडवून काढायचं द्रावण असतं, तेही दागिन्यांसाठीच ठीक. नाण्यांसाठी दोन्ही नको.

मग धुवायचं काहीच नाही का? धुवायचं, पण दोनच गोष्टींसाठी.

पहिली, हळद-कुंकू, पंचामृत, अक्षतांचा चिकटा. हे मात्र नाण्यावर राहू देऊ नये, कारण दह्यातलं आम्ल आणि मिठाचा अंश चांदीतल्या तांब्याला खातो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, दोन्हींचे डाग पडतात. काचेच्या वाटीत एका वेळी एकच नाणं चार-पाच तास बुडवून ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. बोटानं चोळू नका, ब्रश नको. मग धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती कापडावर ठेवून वरून हलकेच टिपा आणि पंख्याखाली पूर्ण कोरडं होऊ द्या.

दुसरी, अल्बममधला हिरवट चिकट थर. हा तातडीचा प्रश्न आहे, काळ्या नाण्यांपेक्षा कितीतरी तातडीचा. मऊ, लवचिक, नव्या रेक्झिनसारख्या वासाचं प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं. त्याला मऊ करणारं तेलकट रसायन हळूहळू बाहेर येतं, प्लास्टिकचंही विघटन होत जातं, त्यातून आम्ल सुटतं, आणि ते नाण्यातल्या तांब्यावर क्रिया करतं. थर जितके दिवस राहील तितका आत खात जाईल. त्या अल्बममधलं प्रत्येक नाणं आजच बाहेर काढा. रसायनांच्या दुकानातून शुद्ध अॅसिटोन आणा. नखांचं पॉलिश काढायचं द्रव नको, त्यात तेल आणि सुवास मिसळलेला असतो. काचेच्या वाटीत, खिडक्या उघड्या ठेवून, देव्हाऱ्यातला दिवा आणि गॅस बंद करून नाणं त्यात काही मिनिटं ठेवा, उलटं करा, पुन्हा ताजं अॅसिटोन घ्या. ते चटकन पेट घेतं म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नका. हळदीचा पिवळा डागही त्यात बराच सुटतो. अॅसिटोन चांदीला काही करत नाही, काळा थरही तसाच राहतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. अल्बम टाकून द्या. सासऱ्यांच्या हस्ताक्षरात त्यावर काही लिहिलेलं असेल तर तेवढा कागद कापून ठेवा.

आता पूजा. सासूबाईंची रीत मोडू नका. सुनेनं घासलेले ते दोन रुपये आणि त्यांच्यासोबत डब्यातले सर्वांत झिजलेले, वर्षही नीट न दिसणारे तीन रुपये, असे पाच वेगळे काढा. ते लक्ष्मीचे. त्यांना पंचामृत लागू द्या, हळद-कुंकू वाहा, पूजा झाली की त्याच दिवशी धुऊन कोरडे करून देवघराच्या डबीत ठेवा. बाकीच्यांना त्या दिवशी दुरून नमस्कार केला तरी सासूबाईंच्या मनाविरुद्ध काही होणार नाही. त्यांनी जपायला सांगितलं होतं.

पुढचं काम खरं आनंदाचं आहे, ते म्हणजे डब्यात काय आहे हे ओळखणं. टेबलावर जाड सुती कापड अंथरा, म्हणजे नाणं हातून सुटलं तरी कड चेपणार नाही. नाणं नेहमी कडेनं धरा, बोटाचा ठसा चांदीवर कायमचा उमटू शकतो.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया सुरू केला. ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. जुन्या तोळ्याचं वजनही तेच. त्यावर १८४० लिहिलेलं असेल तर तो त्याच वर्षाचा असेलच असं नाही, ते वर्ष पुढे वीसेक वर्षं तसंच छापलं गेलं. १८६२ चंही तसंच. १८७७ पासून राणी व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ येतं. मुकुट नसलेला, टक्कल दिसणारा राजा म्हणजे एडवर्ड सातवा, १९०३ ते १९१०. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया सापडला तर त्याच्या झग्यावर भिंगानं बघा. तिथे पदकाच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. तो लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला, सरकारनं बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा केला. त्यामुळे १९११ चा रुपया कमी मिळतो. १९३९ चा तर फारच दुर्मीळ, म्हणूनच त्याची नक्कलही भरपूर होते. डब्यात १९३९ दिसला तर हरखून जायच्या आधी जाणकाराला दाखवा.

१९४० पासून महायुद्धामुळे चांदी निम्म्यावर आली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. हे राजाछाप रुपये वेगळे काढा. त्यांच्या कडेला साध्या रेघांऐवजी मधोमध खाचेची नक्षी असते. तांबं जास्त असल्यामुळे ते दमट हवेत लवकर खराब होतात, हिरवे पडायची भीती त्यांनाच जास्त. आणि पाठीमागे वाघ असलेला १९४७ चा रुपया चांदीचा नाहीच, तो निकेलचा आहे. लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. चांदीचा चिकटत नाही. अनेक घरांत तो चांदीचा म्हणून जपलेला असतो. जपाच, तोही आपल्या इतिहासातला शेवटचा राजाछाप रुपया आहे.

डब्यात वेडावाकडा, जाडसर, फारसी अक्षरांचा एखादा रुपया असेल तर त्याला सर्वांत जास्त मान द्या. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, तिथला चांदोरी रुपया आपल्या भागात पुष्कळ चालायचा. बऱ्हाणपूर तर मोगलांच्या काळात खानदेश सुभ्याचं ठाणं. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि पुढे बऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून जहांगीर, शाहजहान, औरंगजेब यांच्या नावाचे रुपये निघाले. हे रुपये हातानं, घणाचा घाव घालून पाडलेले. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून अक्षरं अर्धवट दिसतात. त्यावर छोटे टोचे, खुणा असतील तर त्या जुन्या सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या. ते नाण्याचं व्यंग मानू नका. अशी नाणी ओळखायची असतील तर त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला थांबा. तिथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही संस्था आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय आहे. दालनात मांडणी कशी केली आहे, कोणतं नाणं कोणत्या बाजूनं ठेवलं आहे, हे शोकेस करायच्या आधी मुलाला दाखवलंत तर फार बरं.

आता ठेवायचं कसं.

चांदीला दोन गोष्टींचा त्रास: ओल आणि गंधक. त्यातही गंधक कुठकुठे लपलेलं असतं हे बघा, कारण शेतकऱ्याच्या घरात ते इतरांपेक्षा जास्त असतं. कपाशी, मिरची, भाजीपाल्यावर भुरीसाठी फवारायची गंधक पावडर ज्या खोलीत आहे त्या खोलीत नाणी नकोत. दिवाळीतले उरलेले फटाके त्याच कपाटात नकोत, त्यांच्या दारूत गंधक असतं. लोकरीचे स्वेटर, शाली, रबर बँड, रबरी पट्टीचं झाकण असलेला डबा, वर्तमानपत्राचा कागद, साधा पुठ्ठा, या सगळ्यांतून कमी-अधिक गंधकाची संयुगं सुटतात. सासूबाईंचं लाल फडकं भावनेनं जपा, पण नाण्यांपासून वेगळं. त्याचा रंग आणि त्यात मुरलेलं तेल-कुंकू नाण्याला लागत राहील. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेनं काही कडक प्लास्टिकच खराब होतं.

प्रत्येक नाण्याला स्वतःचं घर द्या. चांगल्या नाण्यांसाठी कडक पारदर्शक गोल कॅप्सूल मिळतात, नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे आणि ऑनलाइनही. मागवताना माप सांगावं लागतं. रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर, अधेलीचा २४, पावलीचा १९ आणि चवलीचा १५. कॅप्सूल सैल असेल तर नाणं आत वाजत राहतं आणि कड झिजते, म्हणून आधी दोन-चार मागवून बघा. बाकीच्यांसाठी पारदर्शक खिडकीचे चौकोनी कागदी होल्डर स्वस्त आणि पुरेसे आहेत. खिडकी पॉलिस्टरची असावी, विकणाऱ्याकडून ‘पीव्हीसी नाही’ हे स्पष्ट विचारून घ्या. होल्डरला पिन मारली की तिचं बाहेर आलेलं टोक पकडीनं सपाट करा. एकावर एक ठेवलेल्या होल्डरच्या पिना शेजारच्या नाण्यावर रेघ ओढतात, आणि ती रेघ कधीच जात नाही.

हे सगळे होल्डर घट्ट झाकणाच्या पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात ठेवा, झाकणाची पट्टी सिलिकॉनची असेल तर उत्तम. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. नारिंगी रंगाचं घ्या. ओल पिऊन ते हिरवट झालं की जुन्या, स्वयंपाकाला न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर गरम केलं की पुन्हा नारिंगी होतं. निळं जेल घेऊ नका, त्यातलं कोबाल्ट विषारी आहे. चांदी काळी पडू नये म्हणून मिळणारी कागदी पट्टी डब्यात टाकली तर आणखी चांगलं, फक्त ती नाण्याला टेकू देऊ नका आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला.

डबा बंद कधी करायचा, यात खानदेशात राहणाऱ्याला एक मोठी सोय आहे. एप्रिल-मे मधली आपली दुपारची हवा इतकी कोरडी असते की संग्राहकांना मुंबईत ती यंत्र लावून करावी लागते. मृग लागायच्या आधी, कोरड्या दुपारी, नाणी डब्यात भरा. त्या खोलीतला कुलर मात्र सकाळपासून बंद ठेवा. आपल्याकडचा पाण्याचा कुलर खोली थंड करतो तो हवेत ओल सोडूनच. बाहेर वैशाख वणवा असला तरी कुलरच्या खोलीत श्रावणासारखा दमटपणा असतो, आणि उन्हाळ्यात नाणी काळी कशी पडली या कोड्याचं उत्तर बहुतेक घरांत तेच असतं. डबा ठेवायचं कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून नको. दिवसा तापून रात्री निवणाऱ्या जागेपेक्षा घराच्या मधली, एकसारखी राहणारी जागा बरी.

बँकेच्या लॉकरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मुलं तो आग्रह धरतील. लॉकर चांगला, पण तिथेही नाणी अशाच बंद डब्यात जेलसह ठेवायची, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघायची. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला ठाऊक नसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार अशा बाबतीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. म्हणून नाण्यांची यादी आणि फोटो घरी हवेतच.

शोकेसकडे येऊ. मुलाची हौस मला मनापासून आवडली. डब्यात बंद करून ठेवलेला संग्रह नातवंडांना कळत नाही. मात्र सगळेच सत्तर रुपये मांडू नका. बारा मांडा, बाकी डब्यात. वर्षातून एकदा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आल्या की त्यांच्यासमोर बदला. त्यांनाही बघायला मिळेल, आणि कुठलंच नाणं कायम डब्याबाहेर राहणार नाही.

फ्रेमवाल्याला नम्रपणे नकार द्या. गम नाण्याच्या एका बाजूला कायमचं मारतो, सुकताना आम्ल सोडतो, आणि कधी काढायची वेळ आली तर खरवडूनच काढावा लागतो. शिवाय नाण्याला दोन बाजू असतात आणि राणीची बाजू दाखवली की वर्षाची बाजू भिंतीकडे जाते. त्याऐवजी नाणी कॅप्सूलमध्येच ठेवून अॅक्रिलिकच्या छोट्या स्टँडवर उभी करा, मागे छोटा आरसा ठेवला तर दोन्ही बाजू दिसतील. एकाच वर्षाचे दोन रुपये असतील तर एक समोरून, एक पाठीमागून.

सुताराला दोन गोष्टी सांगा. प्लायवूड आणि एमडीएफ वापरू नका म्हणावं, त्यांच्या चिकटद्रव्यातून वाफा सुटत राहतात. सागवान चालेल, पण पॉलिश झाल्यावर शोकेस दोन-तीन महिने रिकामं आणि उघडं ठेवा, वास पूर्ण जाईपर्यंत. आत मखमल नको. तिच्या रंगाची, खळीची आणि लोकर मिसळली असेल तर तिची खात्री नसते. मांजरपाटाचं कापड साबण न लावता दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन, वाळवून तेच लावा. हवा असेल तर रंग शोकेसच्या मागच्या भिंतीला, बाहेरून द्या. दिवे एलईडीचे चालतील, मात्र बंद कप्प्याच्या आत नकोत. उजेडानं चांदीचं काही बिघडत नाही, पण दिवा लावला की आतली हवा तापते, बंद केला की निवते, आणि त्या श्वासाबरोबर बाहेरची दमट हवा फटींतून आत ओढली जाते. शोकेसच्या तळाला, कापडाआड, जेलची पुडी ठेवायला एक कप्पा करून घ्या. जागा कुलरच्या झोतात नको, स्वयंपाकघराच्या दारासमोर नको. आणि रस्त्यावरून खिडकीतून दिसेल अशी तर मुळीच नको.

मांडणी कशी करावी, हे माझ्या मनातलं सांगतो. डावीकडून कंपनीचा रुपया, मग क्वीन, एम्प्रेस, एडवर्ड, पंचम जॉर्ज, मग १९४० नंतरचा निम्म्या चांदीचा आणि शेवटी वाघाचा निकेलचा. शंभर वर्षांत राज्य कसं वर गेलं आणि चांदी कशी संपत गेली, हे नातवंडांना एका ओळीत दिसेल. प्रत्येकाखाली चार शब्दांची चिठ्ठी, मराठीत. शेजारी एक झिजलेला रुपया ठेवा, झीज बोटांनी बघता येईल असा, हातात घ्यायचा. मुलांना काचेपलीकडचं नाणं आवडत नाही, हातातलं आवडतं.

कडी असलेले रुपये या ओळीत नकोत. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा बायका अजून रुपयांच्या माळा घालतात, तुमच्या घरात अशी माळ कुठून आली हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. कदाचित कुणी गहाण टाकलेली असेल, कदाचित सासूबाईंच्या आईची असेल. कडी काढायचा मोह धरू नका. डाग दिलेली कडी काढली तरी नाण्यावर व्रण राहतो, नाणंही जातं आणि दागिनाही. मूळ गोफ उरला असेल तर तो पाण्यात भिजवू नका. ती माळ वेगळ्या, सपाट डब्यात, कापडावर पसरून ठेवा, आणि शोकेसमध्ये एक पूर्ण कप्पा फक्त तिचा करा.

दिरांच्या ताटाबद्दल आकडाच सांगा. १९३८ पर्यंतच्या एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, १९४० नंतरच्यात साधारण ५.८ ग्रॅम. मोडीत त्याचे पैसे वजनावर मिळतील, वर्ष कुणी बघणार नाही, वर घडणावळ जाईल. जळगावच्या बाजारात चांदीचं ताट कधीही मिळतं. तुमच्या डब्यातला १८६२ चा रुपया एकदा आटवला की संपला. दीर तरीही आपला वाटा मागत असतील तर त्यांना एकाच वर्षाचे दोन-तीन असलेले रुपये नाणं म्हणून द्या, मग ते काय करतील तो त्यांचा प्रश्न.

धाकट्याला मात्र कायदा सांगावा लागेल. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, बॅगेत सापडली तर त्रास होईल. त्याला सहावा जॉर्ज, म्हणजे १९३८ नंतरचे द्या, आणि सोबत वाघाचा एक. राणीछाप रुपये त्याच्या नावानं इथेच ठेवा. शेतात नांगरताना कधी मडकं निघालं तर तोही वेगळा कायदा आहे, १८७८ पासूनचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि सुनेच्या मोबाइलवर ‘या नाण्याचे पाच लाख मिळतील, आधी नोंदणी शुल्क भरा’ असं काही आलं तर एक पैसाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे प्रकार चालतात आणि बँकेनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नसते आणि कसलंही शुल्क मागत नाही.

शेवटचं काम तुमच्यासारख्या शिक्षिकेलाच नीट जमेल. एक वही करा. प्रत्येक होल्डरवर पेन्सिलीनं क्रमांक, नाण्यावर काहीही नाही. वहीत त्या क्रमांकापुढे वर्ष, राजा, आणि वजन, ते सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दशांशापर्यंत करून घ्या. झिजलेला रुपया ११.६६ पेक्षा थोडा कमी भरेलच, पण फारच कमी किंवा जास्त भरला तर तो बनावट असू शकतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. मग एक मोकळा रकाना ठेवा: हा रुपया कुणाचा, कसा आला. नणंदा, जावा, गावातल्या म्हाताऱ्या यांना विचारा, आणि त्या अहिराणीत सांगतील तसंच, अहिराणीतच लिहून घ्या. कपाशीच्या पहिल्या पट्टीचा, लग्नातल्या आहेराचा, कुणाच्या बारशाचा. ही माहिती आता बोलून घेतली नाही तर कुठल्याच संग्रहालयात मिळणार नाही.

यंदाच्या मे महिन्यात हे सगळं होईल. हिरवट थराच्या नाण्यांचं काम मात्र या आठवड्यात करा.